उतरायची जागा

सामन्याआधी अर्धा तास मी कोर्टावर एकटीच फिरते.
सिमेंटला कुठे पोपडा सुटलाय, बुटाने चाचपते.
खांबाची गादी सुतळीने पुन्हा आवळून घेते.
बिबवेवाडीच्या या मैदानाला कडुनिंबाची सावली आहे
आणि सावलीबरोबर निंबोळ्या.
पिकलेली एक पायाखाली आली, की घोटा गेला.
झाडू मीच मारते. शिपाई हसतो,
"बाई, शिट्टी मारायला आलात ना?"

मग मुली येतात.
कानातलं काढ. अंगठी काढ. नखं दाखव.
मनगटावरचा दोराही काढ, देव रागावणार नाही,
त्याने कधीतरी घोटा धरून बसलेली मुलगी पाहिली असेल.
सगळं खारीच्या रिकाम्या डब्यात.

मला शिकवलं फर्नांडिस सरांनी.
खडकीच्या कारखान्यातली पाळी संपवून
सायकलवर यायचे, गळ्यात शिट्टी आधीपासूनच.
पहिल्या दिवशी म्हणाले, चेंडूकडे बघू नकोस,
चेंडू बघायला पाचशे माणसं आलीत.
तू पाय बघ.

मी एकदा चेंडू पाहिला.

अकरा सेकंद उरलेले, एका गुणाचा फरक,
रेवा टिळेकरने कोपऱ्यातून उडी घेतली
आणि चेंडूची कमान इतकी देखणी निघाली
की सतरा वर्षं शिट्टी वाजवलेली मी
तेवढ्यापुरती प्रेक्षक झाले.
जाळी हलली. मैदान ओरडलं.
त्या ओरडण्याच्या खाली एक आवाज होता,
वाळकी शेंग मोडल्यासारखा.
कुणाचा तरी बूट तिच्याखाली सरकला होता,
की नव्हता?
सगळे मलाच विचारत होते.
मी म्हणाले, दिसलं नाही.
नियमांच्या पुस्तकात या उत्तराला शिक्षा नाही.

उडालेल्या माणसाची खालची जमीन त्याचीच असते.
दीड-दोन फूट, कुठल्याच सातबाऱ्यावर नसलेली,
अर्ध्या सेकंदापुरती मालकी.
तेवढी राखायची.
बाकी पंचगिरी म्हणजे हातवारे.

तसा प्रत्येक धक्का फाउल नसतो.
खांद्याला खांदा लागतोच, तुळशीबागेत लागत नाही का?
जागा धरून उभी असेल, आणि कुणी छातीवर येऊन आदळलं,
तर उभी असलेली निर्दोष, पडलेली कितीही रडो.
पण डोकं आपटलं तर खेळ थांबतो.
ती "बरी आहे" म्हणाली तरी.
मुली नेहमी बरी आहे म्हणतात.

आज उपांत्य सामना. दुसऱ्या सत्रात
सात नंबरने शेवटच्या क्षणी पाय आत सरकवला.
उतरणारी पोरगी त्या बुटाच्या कडेवरून निसटली,
सावरली, हसलीसुद्धा.
मी मनगट धरून हात वर केला.
कोंढाळकर सर रेषेपर्यंत धावत आले,
"अहो मॅडम, काही लागलंय का तिला?"
नाही लागलं.
म्हणूनच तर आत्ता.

गॅलरीतून कुणीतरी माझ्या चष्म्याची चौकशी केली.
पुणं आहे, चालायचंच.

मी टेबलाकडे गेले, नंबर दाखवला.
गुणपत्रक आता रेवा भरते,
डावा पाय खुर्चीपुढे सरळ ठेवून,
तो तिला तसाच ठेवावा लागतो.
"सात?" तिने विचारलं.
सात.
तिने वर पाहिलं नाही.
पेन जरा दाबून लिहिलं,
खालच्या रंगीत प्रतींवर नीट उमटावं म्हणून.
किंवा तशी तिची सवयच असेल.